एका माणसाचा अंदाज

"पाणी. टँकरचं. आठ रियाल," असं धुरपतानं फोनवर आपल्या खर्चाच्या यादीतून वाचलं तेव्हा मस्कतहून जुबेर नुसता हसला. मौसी, इथं नळाला चोवीस तास पाणी असतं, ते खोडा, म्हणाला. धुरपतानं खोडलं. चोवीस तास पाणी ही गोष्ट तिला काही खरी वाटली नाही, कारण लातुरात आठवड्यातून एकदा नळ आला तरी अख्ख्या गल्लीला सण असायचा. पण पोरगा सहा वर्षं तिथं राहून राहिला, म्हणतोय तर असेल. मग तिनं खालची ओळ वाचली. "जेवण. उरलंसुरलं. शून्य." यावर जुबेर हसला नाही. तो म्हणाला, "मौसी, इथं उरणार कुणाचं? तुम्ही एकट्याच राहणार."

फोन कानाला तसाच धरून धुरपता अंगणात बघत राहिली. तिथं बानोआपा सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होत्या. अंगण बानोआपांचं, फोन त्यांचा आणि फोनमधला पोरगाही त्यांचाच, म्हणून त्या कान इकडंच ठेवून खडे वेचत होत्या. जुबेर सांगत होता ते धुरपताला सगळं आधीच पाठ झालेलं होतं. मस्कतच्या एका मोठ्या दवाखान्याचं किचन, त्यात तो स्टोअर सांभाळतो, पेशंटांचं साधं शाकाहारी जेवण अंदाजानं करणारी बाई पाहिजे. पगार एकशेचाळीस रियाल, म्हणजे आपले चौदा हजारांवर काही, राहायला खोली फुकट. पण पेशंटच्या किचनमधला एक घास तोंडात घालायचा नाही, चवसुद्धा वेगळ्या चमच्यानं बघायची, असा नियम. आपलं जेवण आपल्या खोलीत, आपल्या खर्चानं. त्यासाठी कंपनी पगाराशिवाय वेगळे पैसे देणार, आणि किती ते ज्याचं त्यानं लिहून द्यायचं. एकदा लिहिलं की दोन वर्षं त्यात फरक नाही. कमी लिहिलं तर दोन वर्षं पोट आवळून बसा, आणि फार लिहिलं तर मॅनेजर म्हणणार ही नको, दुसरी बघा. दुसरी होतीच. केरळची एक बाई, तिनं पंचवीस रियाल लिहिले होते. रविवारी दुपारी एक वाजता जुबेर कागद घेऊन मॅनेजरपुढं बसणार होता. तोवर धुरपताचा आकडा पाहिजे. "एवढं सांगा, एका टायमाला किती चपात्या खाता," तो म्हणाला, "बाकीचा हिशेब मी लावतो." आणि धुरपता जवळंनं, जिला मेसमालकीण म्हणून अर्धं लातूर ओळखायचं, तिला ते ठाऊक नव्हतं.

म्हणजे बघा, मेसमध्ये जेवणाऱ्या बेचाळीस पोरींचं तिला ठाऊक होतं. जळकोटची पोरगी बघायला काडी, पण सात चपात्या खाते आणि वर भात मागते. मुदखेडची चार खाते आणि परीक्षा असली की दोन. रेणापूरच्या दोघी बहिणी मिळून नऊ, पण पाच आणि चार कोण खातंय यावरून रोज कुरबुर. भौतिकशास्त्राचा पेपर असला की वरण उरतं, जीवशास्त्राचा असला की भात कमी पडतो, आणि निकालाच्या दिवशी निम्म्या पोरी जेवत नाहीत आणि निम्म्या दुप्पट जेवतात, म्हणजे अंदाज तोच राहतो. पोरगी गावी गेली तर तीन दिवसांवर खाडा धरून पैसे कापायचे, तोही हिशेब तिच्या बोटांवर असायचा. किलोभर कणकेत अठ्ठावीस चपात्या, एक कमी नाही, एक जास्त नाही. समोरच्या क्लासवाल्या सरांनी एकदा गमतीनं म्हटलं होतं, मावशी, तुम्ही आमच्याकडं गणित शिकवा. ती हसली होती. आणि आता एका माणसाचं गणित आलं होतं, नुसत्या एका, आणि तिला पहिली पायरीसुद्धा मांडता येईना. फोन ठेवताना तिनं जुबेरला सांगितलं, दोन धर. मग म्हणाली, नको, थांब, रविवारी सांगते. बानोआपांनी सुपातून मान वर करून तिच्याकडं नीट बघितलं.

गल्लीतून चार पावलं टाकली की तिची मेस. मधे बानोआपांच्या घरच्यांचं, जिलानीभाईंचं, गाद्यांचं दुकान. क्लासचं वारं आलं तसं जिलानीभाईंचंही चालायला लागलं. दर जूनला खेड्यापाड्यातून आईबाप पोरींना घेऊन उतरायचे, आधी फी भरायची, मग खोली, मग गादी, मग मेस, असा तो क्रम ठरलेला. एक गादी आणि दोन वेळचा डबा यात एक पोरगी डॉक्टर होते, असं जिलानीभाई गिऱ्हाइकाला सांगायचे, आणि धुरपता ऐकून न ऐकल्यासारखं करायची. चौकात गुणवंतांचे फ्लेक्स लागले की त्यात तिच्या मेसची एखादी तरी पोरगी असायचीच. धुरपता त्या फोटोंकडं बघून मनात म्हणायची, हिला शेपू आवडायची न्हाई. आज ती फ्लेक्सखालून गेली पण वर बघितलं नाही. ती चालता चालता शेवटचं जेवण आठवत होती, आजचं, अडीच वाजताचं. काय खाल्लं होतं? पातेल्याच्या झाकणात उरलेली गवारी घेतली होती, हे आठवत होतं. सोबत काय होतं? उभी होते की बसले होते? झाकणात का घेतलं, याचं मात्र उत्तर सोपं होतं. ताटं बेचाळीस, प्रत्येकावर नंबर, पोरी आपापलं ताट विसळून फळीवर लावायच्या. त्रेचाळिसावं ताट तिनं कधी घेतलंच नव्हतं. बारा वर्षं झाली, कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिच्याही आलं नव्हतं. मेसच्या दारात चप्पल काढताना तिनं पोटावर हात ठेवून बघितला. भूक आहे की नाही, हेसुद्धा तिला सांगता आलं नसतं.

तरी बाई कष्टाला हटणारी नव्हती. न येणारी गोष्ट करून बघायची, असं तिनं ठरवलं. गुरुवारी सकाळी तिनं पोरींच्या आधी एका डब्यात आपलं काढून ठेवलं, मोजून चार चपात्या, डाळ, भाजी. म्हणलं, दुपारी किती जातात बघू. सव्वादोनला जळकोटची पोरगी क्लासमधून उशिरा आली, तोंड एवढंसं झालेलं, आणि धुरपताचा हात आपोआप डब्याकडं गेला. पोरगी जेवून हात धुवायला गेली तेव्हा धुरपताच्या लक्षात आलं की आपण काय केलं. रात्री परत डबा भरला, तर दळणाचा मलप्पा पीठ टाकायला आला आणि म्हणाला, वैनी, वास लई भारी येऊन राहिला. त्याला दोन दिल्या, उरलेल्या दोन तिनं खाल्ल्या, पण त्या भुकेपुरत्या होत्या की नव्हत्या, हे कसं ठरणार? शुक्रवारी तिनं डबा कुलूप लावून कपाटात ठेवला आणि कुठं ठेवलाय तेच विसरली. संध्याकाळी वासावरून सापडला. ही गोष्ट तिनं बानोआपांना सांगितली तेव्हा बानोआपा इतक्या हसल्या की त्यांचा पदर पार खांद्यावरून घसरला, आणि धुरपतालाही हसू आलं. पण परत येताना तिला थोडी भीतीच वाटली. म्हणजे आपण आहोत की न्हाई, असं तिच्या मनात आलं. बेचाळीस पोरींच्या, मलप्पाच्या, बानोआपांच्या मधे जिथं आपण असायला पाहिजे तिथं बघावं तर कुणीच नाही, आणि दोन वर्षांसाठी विमानात नेमकं कोण बसणार, असा तो विचार होता.

आणि विमानात तर तिला बसायचं होतं. हे तिनं अजून कुणापुढं नीट कबूल केलं नव्हतं, पण मनातून ती कधीच बसली होती. अयोध्या, तिची लेक, नांदेडला एका दवाखान्यात नर्स होती, तिचं तिचं बरं चाललं होतं, आता आईच्या पैशाची तिला गरज नव्हती. लोकांना धुरपता सांगायची की औसा रोडला एक गाळा घ्यायचाय, स्वतःच्या मालकीची मेस करायची, म्हणून जाते. ते खरंही होतं. मेस दोन वर्षं सांभाळायला चुलतजाऊ साखराबाई यायला तयार झाली होती. पण गाळा हे सांगायचं कारण होतं. खरं कारण असं की जुबेरनं गेल्या रमजान ईदला घरी आला असताना अंगणात बसून म्हटलं होतं, मौसी, तुमच्या हाताची माणसं तिथं शोधून सापडत न्हाईत. तुमच्या हाताची. एवढ्या शब्दांवर ती महिनाभर हवेत होती. पीठ मळता मळता ती आपल्या हातांकडं बघायची. समुद्र तिनं बघितलेला नव्हता. खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसतो, असं जुबेर म्हणाला होता, तिथं उभं राहून काय करायचं असतं, नुसतं बघायचं असतं का, हेसुद्धा तिनं त्याला विचारलं होतं. चाळिशीच्या बाईला असा आनंद व्हावा याची तिला लाजही वाटायची आणि ती लाज वाटण्यातसुद्धा मजा वाटायची.

शनिवारी दुपारी पोरी क्लासला गेल्यावर मेस रिकामी झाली. तिनं वहीचं मागचं पान काढलं आणि लिहायला बसली. गॅस, लिहिलं. साबण, लिहिलं. फोन, लिहिलं. जेवण म्हणून लिहिलं आणि पेन्सिल थांबली. रस्त्यावरून एक ट्रक गेला, फळीवरची ताटं एकमेकांना लागून किणकिणली, आणि तिची पाठ ताठ झाली. पंधरा वर्षं झाली तरी ताटं किणकिणली की तिची पाठ ताठ व्हायची, औसा तालुक्यातल्या त्या भागातल्या कुणाचीही होते. तिला ते आठवायचं नव्हतं, पण आठवलं तेव्हा भिंती आठवल्या नाहीत, धूळ आठवली नाही, ग्यानोबाचा, तिच्या नवऱ्याचा, चेहराही आठवला नाही. खिचडी आठवली. तिला नेहमी खिचडीच आठवायची, आणि म्हणूनच ती हे कुणाला सांगत नसे. गणपती बुडवून आलेला ग्यानोबा आत झोपला होता आणि तापानं फणफणलेल्या सहा वर्षांच्या अयोध्येला घेऊन ती बाहेर बसली होती, इतकंच, आणि पहाटे भूकंपात घर खाली आलं. त्याला बाहेर काढायला दोन दिवस लागले. पाऊस पडत होता. चौथ्या दिवशी कुठली तरी माणसं ट्रकमधून मोठं पातेलं घेऊन आली आणि तिला कुणीतरी ओळीत उभं केलं. एका अनोळखी बाईनं तिच्या हातात पत्रावळ दिली, त्यावर गरम खिचडी वाढली आणि विचारलं, आणखी पाहिजे का. धुरपतानं हो म्हटलं. मग परत हो म्हटलं. तिसऱ्यांदाही म्हटलं. अठरा वर्षांची झाली तेव्हापासून सासरी ती सगळ्यांच्या मागून जेवत आली होती, चुलीपुढं, जे असेल ते, आणि तिच्या आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणीतरी विचारलं होतं, आणखी पाहिजे का. खिचडी चांगली लागली होती. नवऱ्याला अग्नी देऊन दोन दिवस झाले नव्हते आणि तिला खिचडी चांगली लागली होती. ती रडली होती ती त्या रात्री, ग्यानोबासाठी नव्हे, खिचडीसाठी. दुसऱ्या दिवसापासून ती त्याच पातेल्यापाशी उभी राहिली, वाढायला. ओळीत मात्र परत कधी गेली नाही. अंदाज शिकली तो तिथं, हजार माणसांचा, आणि मग लातुरात येऊन बेचाळिसांचा.

मेसच्या लँडलाइनवर अयोध्येचा फोन आला तेव्हा ती अशीच बसलेली होती. अयोध्या दवाखान्यातली माणसं बोलतात तशी भरभर बोलायची. केरळवालीनं पंचवीस लिहिलेत तर तू वीस लिही, नोकरी पक्की कर, कमी पडलं तर मी पाठवीन, असं ती म्हणाली. धुरपतानं विचारलं, मी किती जेवते गं? अयोध्या म्हणाली, "आई, मी तुला जेवताना बघितलंच न्हाई." मग तिचा आवाज बदलला. ती म्हणाली, मी पाठवीन असं म्हणलं ते चुकलं माझं, तू वीस लिहू नको. ती आणखी काहीतरी म्हणणार होती, पण मागून कुणीतरी सिस्टर सिस्टर अशी हाक मारली आणि फोन बंद झाला. बोलता बोलता धुरपतानं वहीत वीस असं लिहिलं होतं ते बघितलं, आणि खोडलं नाही. उद्या बघू म्हणून वही मिटली. वीस हा आकडा तिला पटत नव्हता, पण त्याची सवय होती.

रविवार उजाडला. रविवारी दुपारी मेसमध्ये फीस्ट, संध्याकाळी सुट्टी. सकाळी साडेदहाला धुरपता येसराच्या, भाजलेल्या पीठमसाल्याच्या, आमटीला फोडणी देत होती, भात शिजत आला होता, कणीक मळून ओल्या फडक्याखाली होती, तेवढ्यात बानोआपा आल्या. आल्या त्या सरळ शेगडीपाशी येऊन धुरपताला कोपरानं बाजूला सारून बसल्या. धुरपता म्हणाली, आपा, काय करून राहिलात? बानोआपांनी हात पुसले, लाटणं उचललं आणि पाटाकडं बोट दाखवलं. बस, म्हणाल्या. मी लाटणार, तू खाणार, मी मोजणार. तुझ्याच्यानं ते व्हायचं न्हाई, चार दिवस बघून राहिले मी.

धुरपता बसली नाही. पोरी साडेअकराला येतील, अजून कोशिंबीर व्हायचीय, असलं काहीबाही तिनं सांगितलं. बानोआपांनी पहिली चपाती तव्यावर टाकली. ती वाकडी होती, एका बाजूला जाड, एका बाजूला इतकी पातळ की तवा दिसावा. धुरपताच्या जिवाला ते बघवेना, ती म्हणाली, आपा, कडा लाटा ना जरा. बानोआपा म्हणाल्या, तू मालकीण असशील, मी तुझी आचारी न्हाई, खायची तर खा. आणि त्यांनी तव्यावरून उतरलेली चपाती फुंकर न घालता तशीच फळीवरच्या एका ताटात टाकली, आमटी ओतली, ताट पाटापुढं सरकवलं. वाफ धुरपताच्या तोंडावर आली. ती खाली बसली. पहिला घास घेतला आणि जीभ पोळली. बारा वर्षं एका वेळेला दोनशे चपात्या भाजणाऱ्या बाईची जीभ चपातीनं पोळली. तिची स्वतःची चपाती नेहमी तळातली असायची, वाफेनं ओलसर झालेली, कधी दुपारची संध्याकाळी. तव्यावरची चपाती मधे मऊ आणि कडेला कुरकुरीत असते, ती तोडली की आतून गरम हवा निघते, हे ती पोरींना सांगायची, गरम आहे तोवर खा म्हणायची, पण ते कसं लागतं हे तिला माहीत नव्हतं. तिनं दुसरा घास घेतला. बानोआपा तिच्याकडं न बघता दुसरी लाटत होत्या.

तिसऱ्या चपातीला धुरपता थांबली. आता पोट भरलं, म्हणाली. बानोआपांनी लाटणं खाली ठेवलं आणि तिच्या तोंडाकडं बघितलं. भरलं न्हाई, भिऊन राहिली तू, म्हणाल्या. धुरपता बराच वेळ ताटातल्या आमटीत बोट फिरवत राहिली. मग पंधरा वर्षांत जे कुणाला सांगितलं नव्हतं, अयोध्येलासुद्धा नाही, ते ती बोलली, मान खाली घालून, भरभर, मधे न थांबता. ओळ, पाऊस, पत्रावळ, ती अनोळखी बाई. मालक गेले आणि चौथ्या दिवशी मी तीनदा खिचडी मागून घेतली आपा, तीनदा, आणि मला ती चांगली लागली. तव्यावरची चपाती करपायला लागली होती आणि दोघींपैकी कुणीही ती उलटली नाही.

बानोआपांनी विचारलं, "नमक बरोबर होतं का?"

धुरपतानं मान वर केली. हे असलं काही कुणी विचारेल असं तिला वाटलंच नव्हतं. पण तिला विचारलं होतं, आणि धंद्याच्या बाईला असल्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. तिनं आठवून बघितलं. जिभेवर आणून बघितलं. आणि तिला खरोखर आठवलं. "न्हाई," ती म्हणाली, "लई कमी होतं. आणि तांदूळ कच्चा होता." मग तीनदा कशाला खाल्लीस, बानोआपा म्हणाल्या, आणि त्यांचं तोंड हसण्यानं वाकडं झालं. धुरपता ओठ दाबून बसायला गेली पण तिच्याच्यानं झालं नाही. नाकातून आधी आवाज निघाला आणि मग ती हसली, पार पाटावरून कलंडेपर्यंत हसली, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मधेच ते हसण्याचं राहिलं नाही, ती ग्यानोबाच्या नावानं रडली, मोकळी, तोंडात घास तसाच ठेवून. बानोआपांनी तिला थोपटलं नाही. त्यांनी करपलेली चपाती बाजूला टाकली, नवी लाटली, आणि ताटात घालताना एवढंच म्हणाल्या, भूक लागली होती तुला, बाई. चार दिवसांची होती. उसमें क्या गुन्हा? मग धुरपतानं डोळे पुसले आणि ती चपाती खाल्ली. मग पाचवी. सहावी तिनं मागून घेतली.

ती सहावी अर्धी झाली होती तेव्हा पोरी आल्या. दारात चपलांचा ढीग पडला आणि आधी रेणापूरच्या बहिणी आत शिरल्या, त्यांच्यामागून मुदखेडची, मग सगळ्या, आणि सगळ्याच जागच्या जागी थबकल्या. मावशी पाटावर बसलेली, पुढं ताट, आणि शेगडीपाशी गादीवाल्या बानोबी. असलं दृश्य त्यांनी कधी बघितलं नव्हतं. एकीनं विचारलं, मावशी, वाढून घेऊ का? एरवी धुरपता ताडकन उठली असती. तिचा गुडघा उठायला हललाही. पण ती बसून राहिली, आणि तोंडातला घास नीट गिळून, अगदी शांतपणे म्हणाली, "थांबा जरा. मी जेवून राहिले." पोरी एकमेकींकडं बघून भिंतीला लागून उभ्या राहिल्या. कुणाला घाई नव्हती. जळकोटची तर खाली बसून तिच्या ताटाकडं इतकी निरखून बघायला लागली की धुरपतानं तिला दटावलं. तेवढ्यात बानोआपांच्या कनवटीचा फोन वाजला. एक वाजायला अजून वेळ होता, पण जुबेर मॅनेजरच्या केबिनमध्ये आधीच जाऊन बसला होता. बानोआपांनी फोन कानाला लावला आणि पोटच्या पोराला मस्कतला सांगितलं, "खाना खा रही है. रुक."

तो थांबला. मस्कतचं एक मिनिट किती रुपयांचं असतं ते धुरपताला माहीत होतं, तरी तिनं भात घेतला. भातावर आमटी घेतली. ताट निपटलं, हात धुतले, पदराला पुसले आणि फोन घेतला. आता तिचा आवाज मेसमधला होता, दळणवाल्याशी आणि भाजीवाल्याशी बोलतानाचा. एका वेळेला सहा चपात्या, महिन्याला तेरा किलो कणीक, असं तिनं सांगितलं. तांदूळ सहा किलो. डाळ, तेल, रोज एक भाजी, आठवड्याला दोनदा दही. येसर मी घरून आणीन, ते तिथं मिळायचं न्हाई. समुद्रावर जायला बसचं भाडं, महिन्याला चार वेळा. जुबेर लिहून घेत होता, मधे मधे तिथले भाव सांगून बेरीज करत होता. अडतीस रियाल झाले. मौसी, अडतीस जरा जास्त होतात, तो आवाज खाली आणून म्हणाला, ती पंचवीसवाली आहे अजून यादीत. तीस करू का? धुरपतानं भिंतीला लागून उभ्या पोरींकडं बघितलं. विमान तिला एकदम लांब गेल्यासारखं वाटलं, आणि समुद्रही. तरी ती म्हणाली, "जुबेर, अडतीसच लिही. सहाच्या पाच करून मी येणार न्हाई."

पलीकडं जुबेर कुणाशी तरी इंग्रजीत बोलला. कुणीतरी काहीतरी विचारलं. परत जुबेर बोलला, परत कुणीतरी बोललं, आणि मग एक जाडजूड माणूस हसल्यासारखा आवाज आला. बानोआपा श्वास धरून बसल्या होत्या आणि जळकोटच्या पोरीनं दुसरीचा हात धरला होता, जशी काही तीच परीक्षेला बसली आहे. जुबेर परत फोनवर आला. मौसी, साहेब म्हणतायत, पंचवीसमध्ये जगणारी बाई आमच्या पेशंटांनाही पंचवीसमध्येच बसवेल. अडतीस मंजूर. तिकीट दहा तारखेचं काढतो.

पोरींनी असा काही गलका केला की जिलानीभाई दुकान टाकून दारात आले. धुरपता कुणालाच काही बोलली नाही. तिनं फोन बानोआपांना दिला आणि चपात्यांची टोपली पुढं ओढली. एरवी या वेळेला टोपली शिगोशीग भरलेली असायची, पण बानोआपांनी सकाळपासून तिच्यापुरत्याच लाटल्या होत्या. बेचाळीस पोरी भुकेल्या उभ्या, आणि मेसमध्ये एक चपाती तयार नाही. मळलेली कणीकही पुरायची नव्हती, त्यातली सात चपात्यांची, करपलेली धरून, तिच्यामुळंच गेली होती. बारा वर्षांत धुरपताचा अंदाज पहिल्यांदा चुकला. ती पिठाचा डबा ओढून परातीपाशी बसली, पीठ घेतलं, पाणी घातलं आणि मळायला वाकली, तर पोट इतकं भरलेलं होतं की तिला धड वाकताच येईना, आणि तिला हसायलाच आलं.